वही मुलाची, फोन आईचा : व्हॉट्सॲपवरून मुलांना इंग्रजी लिहितं कसं करायचं

नागपुरात नंदनवनला आमच्या घरी संध्याकाळी पाचवी ते आठवीची चौदा मुलं शिकवणीला येतात. काही मराठी माध्यमाची, काही सेमी इंग्रजीची. इंग्रजी धडा वाचायला सांगितला की धडाधड वाचतात आणि फळ्यावरचं तर डोळे मिटून उतरवतील. पण "काल संध्याकाळी काय केलं ते चार ओळींत लिहा" म्हटलं की पेन तोंडात जातं. एका पोराने एकदा सरळच विचारलं, "काकू, पण हे वाचणार कोण?"

मी म्हटलं, "मी वाचीन की."

"तुम्ही तर चुका पाहता नं. वाचता थोडी!"

त्याच पोराची आई दोन दिवसांनी तक्रार घेऊन आली. "मॅडम, हा दिवसभर माझा मोबाईल घेऊन बसून राहते. काय टाइप करत राहते काय माहीत." मी पाहिलं, तर मित्रांना लिहिलेले पन्नासेक मेसेज होते. हिंदी, मराठी, इंग्रजी सगळं रोमन लिपीत, स्पेलिंगची ऐशीतैशी. पण पन्नास! ज्याला वहीत चार ओळी जमत नाहीत तो तिथे पानभर लिहीत होता, कारण पलीकडे कोणीतरी वाचणारं होतं.

तिथून हा उद्योग सुरू झाला. पहिल्या वर्षी मी जवळजवळ सगळंच चुकवलं. दुसऱ्या वर्षी बरं जमलं, आता तिसरं चालू आहे. तुम्ही शिक्षक असा, शिकवणी घेत असा किंवा कॉलनीतल्या पाच-सहा मुलांना गोळा करणारी आई असा, माझ्या चुका परत करू नका म्हणून क्रमाने लिहिते.

सुरू करण्याआधी हे जमवा

- प्रत्येक मुलामागे एका पालकाचा फोन नंबर. मुलाचा स्वतःचा नको, त्याच्याकडे फोन असला तरीही नको.
- पालकाने सही केलेली संमतीची चिठ्ठी. मजकूर पुढे दिला आहे.
- शंभर पानी वही, फक्त ह्याच कामाची. शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर हे चालत नाही.
- एक छोटा छापील इंग्रजी-मराठी शब्दकोश, शिकवणीच्या जागी सगळ्यांत मिळून.
- तुमचा स्वतःचा आठवड्यातला दोन-अडीच तासांचा वेळ. चौदा मुलं आणि प्रत्येकी दहा मिनिटं, हिशेब तुम्हीच करा. तीस मुलं घेऊ नका.

लॅपटॉप लागत नाही आणि विकतचं ॲपही लागत नाही.

१. वय आणि परवानगी आधी निपटवा

व्हॉट्सॲप आणि इंस्टाग्राम दोन्हींची स्वतःची अट किमान १३ वर्षांची आहे. म्हणजे पाचवी-सहावीच्या मुलाच्या नावाने खातं उघडणं नियमातच बसत नाही. "सगळेच उघडतात, जन्मसाल बदलून टाकायचं" असं सांगणारा एखादा पालक भेटतोच. त्याला नम्रपणे नाही म्हणा. मुलाला इंग्रजीच्या पहिल्या धड्यातच खोटं वय लिहायला लावायचं, हे काही बरं नाही.

शिवाय आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूलच मानलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती मागितली आहे. कायद्याचा मुख्य रोख कंपन्यांवर आहे. पण ते माप आपणही पाळलं तर बिघडत काहीच नाही.

चिठ्ठी साधी मराठीत घ्या. तीनच गोष्टी लिहा : ग्रुप कशासाठी आहे, त्यात मुलाच्या वहीचे फोटो येतील पण मुलाचा चेहरा येणार नाही, आणि कुठलंही लेखन ग्रुपबाहेर टाकायचं झालं तर त्या वेळी वेगळं विचारलं जाईल. खाली पालकाची सही. मी दुसऱ्या वर्षी चौदाही चिठ्ठ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवल्या. एका वडिलांनी तीन महिन्यांनी "मला कोणी विचारलंच नव्हतं" म्हटलं तेव्हा फोल्डर काढून दाखवता आला.

२. ग्रुप बांधताना सेटिंग्ज बघा

इथे माझी पहिली फजिती झाली. मी उत्साहात ग्रुप केला, जोडण्याची लिंक एका आईला दिली, तिने ती आपल्या भिशीच्या ग्रुपवर टाकली. दोन दिवसांत एकवीस अनोळखी नंबर आत आले. त्यातल्या एकाने घरबसल्या कर्ज देण्याची जाहिरात चिकटवली, दुसरे एक काका रोज पहाटे पाच वाजता गुलाबाच्या फुलासकट शुभ सकाळ. मुलांचं लेखन त्याखाली गाडलं गेलं. म्हणून आता हे करते :

लिंकने कोणालाच आत घेत नाही, प्रत्येक नंबर स्वतः जोडते. लिंक चुकून बाहेर गेलीच तर ग्रुपच्या माहितीत जाऊन ती रीसेट करता येते, जुनी निकामी होते. ग्रुप परमिशन्समध्ये नवीन सदस्य जोडण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला ठेवा. मेसेज पाठवण्याचा अधिकारही एरवी फक्त ॲडमिनला ठेवा आणि ठरलेल्या वेळी सगळ्यांना खुला करा. आमचा ग्रुप बुधवार आणि शनिवार, संध्याकाळी सात ते साडेआठ उघडतो. बाकी वेळ कुलूप.

एक गोष्ट बंद करता येत नाही : ग्रुपमधल्या प्रत्येकाचा नंबर बाकीच्यांना दिसतो. कोणाच्या आईला ते नको असेल तर तिला ग्रुपमध्ये आणायचा आग्रह धरू नका. तिच्या मुलीच्या वहीचा फोटो तिने तुम्हाला खाजगीत पाठवावा, तुम्ही तो ग्रुपवर टाका. आमच्याकडे अशा दोघी आहेत, काही अडत नाही.

ॲडमिन दोन ठेवा. मी आणि एका मुलीची आई. एकाच मोठ्या माणसाच्या हाती मुलांचा ग्रुप असू नये, तो माणूस कितीही सज्जन असो. माझ्याबद्दलही हेच लागू.

३. आधी वही, मग फोन

हा नियम मोडू नका. मूल वहीत पेनाने लिहितं, पालक पानाचा फोटो काढून पाठवतात. थेट मोबाईलवर टाइप करायला दिलं की कीबोर्डच लिहितो. अर्धा शब्द टाकला की पूर्ण शब्द वर हजर, चुकीचं स्पेलिंग आपोआप बरोबर, पुढचा शब्दही तोच सुचवतो. मुलाला काय येतं आणि काय येत नाही हे तुम्हाला कळतच नाही, आणि परीक्षेत कागदासमोर बसल्यावर सगळं उघडं पडतं.

फोटो घेताना दोन गोष्टी सांगून ठेवा. वही खिडकीजवळ ठेवायची, ट्यूबलाइटखाली नाही, नाहीतर हाताची सावली नेमकी ओळींवर पडते. आणि पाठवण्याआधी वर एचडी असं लिहिलेलं बटण दिसतं ते दाबायचं. नाहीतर पेन्सिलीने लिहिलेलं पान धुक्यातल्या अंबाझरी तलावासारखं दिसतं.

सातवी-आठवीच्या मुलांना महिन्यातून एखादेवेळी टाइप करू द्यायला हरकत नाही, तेही यायलाच हवं. तेव्हा कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये टेक्स्ट करेक्शनमध्ये जाऊन ऑटो करेक्शन आणि सूचनांची पट्टी बंद करून घ्या. काम झाल्यावर परत चालू करायला विसरू नका. मी एकदा विसरले, तर ज्या आईचा फोन होता त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी साहेबांना काय पाठवलं असेल ते त्यांनाच माहीत. माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

४. विषय असा द्या की उत्तर फक्त त्याच मुलाकडे असेल

"माय बेस्ट फ्रेंड", "द काऊ", "रेनी सीझन" हे विषय देऊ नका. त्यांची उत्तरं गाइडमध्ये तयार असतात आणि मुलांना पाठ असतात. चौदा वह्यांत चौदा गायींना चार पाय आणि एक शेपूट आलं की तुम्हाला वाचायचा कंटाळा येईल, आणि तुमचा कंटाळा मुलांना लगेच कळतो.

माझ्याकडे चाललेले काही विषय : तुमच्या घरचा कूलर काय आवाज करतो आणि त्यात पाणी कोण भरतं. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी सात वाजता उभं राहिलं तर काय दिसतं. पोह्यांवरची तर्री खाताना नाकाचं काय होतं. मेट्रोत पहिल्यांदा बसलात तेव्हा शेजारी कोण होतं. पाचवीला तीन वाक्यं, आठवीला आठ. त्याहून जास्त मागू नका.

सगळ्यात जोरात चाललेला विषय मात्र तान्ह्या पोळ्याच्या दिवसाचा. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे लहान पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि त्याच दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत सगळं गावाबाहेर नेऊन जाळतात. मी मुलांना म्हटलं, तुमचा बडग्या कशाचा असेल ते इंग्रजीत लिहा. एरवी दीड ओळीत आटपणारा मुलगा दोन पानं लिहून आला. त्याच्या बडग्याला दोन तोंडं होती, एक गणिताचं आणि एक शेजारच्या दादाच्या बाइकच्या सायलेन्सरचं.

मराठी शब्द आला तर खोडू नका. तर्रीला, पोळ्याला, मारबतीला इंग्रजी शब्द शोधत बसलं तर लेखन तिथेच मरतं. शब्द तसाच राहू द्या आणि पुढे अर्ध्या वाक्यात ती काय चीज आहे ते सांगायला लावा. ते अर्धं वाक्य लिहिताना मूल जेवढं इंग्रजी शिकतं तेवढं अख्ख्या निबंधात शिकत नाही.

५. चारचौघांत गप्पा, चुका खाजगीत

आता मुख्य काम. एका मुलीने पाठवलेल्या चार ओळी देवनागरीत लिहिते (फुटाळा म्हणजे इथला तलाव) :

"यस्टरडे आय हॅड गॉन टू फुटाळा. देअर वॉज व्हेरी पीपल. माय आजी वेअर टायर्ड. आय एट भुट्टा."

पहिल्या वर्षीची मी ह्यावर लाल पेन घेऊन तुटून पडले असते. आता मी ग्रुपवर फक्त एवढंच लिहिलं : "हू रोस्टेड द भुट्टा?" दहा मिनिटांत तिचं उत्तर आलं : "अ मॅन विथ वन ग्लव्ह."

एकाच हातात मोजा घातलेला माणूस! निखाऱ्यावर भुट्टे फिरवणारा हात तो. अख्ख्या लेखनातलं सगळ्यात चांगलं वाक्य तिने चर्चेत लिहिलं, आणि "अ" सुद्धा जागेवर. शिकवायला मी काही गेलेच नव्हते. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, एवढंच.

म्हणून ग्रुपवर उत्तर द्यायचं ते मजकुराला. प्रश्न विचारा, हसा, "आमच्याकडेही असंच होतं" म्हणा. चूक दाखवायची ती त्या पालकाच्या खाजगी चॅटवर. फोटो सेव्ह करून परत पाठवताना वर पेन्सिलीचं चिन्ह दिसतं, त्याने चुकलेल्या शब्दाखाली रेघ ओढता येते. फक्त रेघ ओढा, बरोबर शब्द लिहून देऊ नका. तो मुलाने शोधायचा.

आणि एका वेळी एकच चूक. हे मला एका सहावीतल्या मुलाने शिकवलं. त्याला मी एकदा सतरा लाल गोल करून पान परत दिलं. पुढच्या वेळी त्याने तीनच वाक्यं लिहिली. का रे, विचारलं तर म्हणे, "कमी लिहिलं तर कमी चुकते नं काकू." हिशेब बरोबर होता त्याचा. तेव्हापासून आठवड्याला एकच चूक पकडते आणि बाकीच्यांकडे डोळेझाक करते. पालकांना हे आधीच सांगा, नाहीतर "मॅडमना एवढी साधी चूक दिसली नाही का" अशी कुजबुज सुरू होते. आमच्याकडे झाली.

कोणती चूक आधी पकडायची? जी आपल्या मराठीतून येते ती. ह्या चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मूल डोक्यात नीट मराठी वाक्य करतं आणि इमानदारीने उलथून टाकतं. वरच्या चारच ओळींत तीन सापडतात.

"हॅड गॉन" कुठून आलं? "काल मी फुटाळ्याला गेले होते" मधून. आपण "गेले होते" सहज म्हणतो, पण इंग्रजीत कालची साधी हकिकत असेल तर "आय वेन्ट" पुरतं. "हॅड गॉन" तेव्हाच, जेव्हा त्याच्यानंतर दुसरं काही घडलं असं सांगायचं असतं.

"व्हेरी पीपल" आलं "खूप लोक" मधून. आपला "खूप" एकटाच सगळीकडे पुरतो : खूप गरम, खूप लोक, खूप पाणी. इंग्रजीत तिन्हींना वेगळा शब्द लागतो, व्हेरी हॉट, मेनी पीपल, मच वॉटर किंवा अ लॉट ऑफ वॉटर. मी फळ्यावर "खूप" मध्यभागी लिहून त्याला तीन वाटा काढते.

"आजी वेअर" ही तर आपल्या संस्कारांची चूक. आजी थकल्या होत्या, बाबा ड्रायव्हर आहेत, म्हणून "माय फादर आर अ ड्रायव्हर." मुलांना सांगा की इंग्रजीत मान क्रियापदात ठेवत नाहीत, तिथे बाबा एकच आणि "इज" च. एका मुलीला हे फार लागलं. "मग बाबांना अरे-तुरे झालं नं काकू?" तिला समजावायला वेळ लागला, आणि तो घालवलेला बरा.

आपल्या नागपुरात हमखास दिसणारी अशीही एक चूक आहे. आपण "जाऊन राहिलो, खाऊन राहिलो" म्हणतो, त्यामुळे आपल्या पोरांना "आय ॲम गोइंग" फार लवकर जमतं. पण मग ती हेच सगळीकडे लावतात : "आय ॲम नोइंग हिम", "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स." माहीत असणं, जवळ असणं, आवडणं ह्या गोष्टी "करून राहिलो" मध्ये बसत नाहीत. मी विचारते, "तुला भाऊ असून राहिले का रे?" वर्ग हसतो आणि लक्षात राहतं.

"द" आणि "अ" ह्यांच्या मागे पाचवी-सहावीत लागू नका. मराठीत ते नाहीतच. ते वाचून-ऐकून हळूहळू येतं आणि नियम सांगितले की मुलं प्रत्येक शब्दाला "द" चिकटवायला लागतात. निदान माझी तरी लागली होती.

६. दुसऱ्यांदा लिहून घ्या

रेघ ओढलेलं पान गेलं की मुलाने वहीच्या उजव्या पानावर तेच परत लिहायचं. पहिलं पान फाडायचं नाही, खोडायचंही नाही. सुरुवातीला कुरकुर होते. एक युक्ती चालते : लिहिलेलं आईच्या फोनवर व्हॉइस मेसेज करून मोठ्याने वाचायला लावा आणि पाठवण्याआधी स्वतः ऐकायला सांगा. गळलेला शब्द डोळ्यांना दिसत नाही, कानाला खटकतो. निम्म्या चुका तुमच्यापर्यंत येतच नाहीत.

७. खरा वाचक शोधा, ज्याला मराठी येत नाही

नागपुरातल्या नागपुरात इंग्रजी लिहिणं म्हणजे थोडं नाटकच असतं. सगळ्यांना माहीत असतं की मराठीत सांगितलं तर लवकर कळेल. माझी मावसबहीण बेंगळुरूला असते. तिच्या सोसायटीतली मुलं कन्नड आणि तेलुगू घरची. तिला म्हटलं, आमच्या मुलांचं एक-एक पान तुमच्याकडच्या मुलांना वाचून दाखव आणि ते काय विचारतात ते लिहून पाठव. मुलांचे नंबर इकडचे तिकडे जात नाहीत, ये-जा दोघी बहिणींच्या फोनमधूनच.

मारबतीचं लेखन तिकडे गेलं आणि एका मुलाचा प्रश्न आला : "व्हाय डू यू बर्न हर? इज शी अ बॅड लेडी?" आमच्या ग्रुपवर खळबळ. त्या दिवशी कुलूप साडेनऊपर्यंत उघडं ठेवावं लागलं. कोणाचं म्हणणं ती वाईट, कोणाचं ती चांगली, आपलं वाईट सोबत नेते म्हणून. शेवटी आठवीच्या मुलीने सगळ्यांच्या वतीने लिहिलं की ती आमचा त्रास डोक्यावर घेऊन जाते आणि आम्ही पुढच्या वर्षी परत भरतो. समजावून सांगण्याची अशी निकड असली की व्याकरणही धावत येतं. "बिकॉज" हा शब्द त्या आठवड्यात नऊ मुलांनी पहिल्यांदा वापरला.

बेंगळुरूची बहीण नसेल तर नागपुरातच बघा. बाहेरून बदली होऊन आलेली, मराठी न येणारी कुटुंबं आपल्याकडे भरपूर आहेत. फक्त मधे ओळखीचा मोठा माणूस हवा. इंटरनेटवरचा अनोळखी "पेनफ्रेंड" कधीच नको.

८. पोल वापरा, पण जपून

व्हॉट्सॲपवरचा पोल फार कामाचा. दोन वाक्यं टाकायची, बरोबर कोणतं ते निवडायचं : "डिड नॉट वेन्ट" की "डिड नॉट गो"? दोन मिनिटांचं काम. पण कोणी कशाला मत दिलं ते नावानिशी सगळ्यांना दिसतं, हे मला उशिरा कळलं. एक मुलगा नेहमी शेवटी मत देत होता, बाकीच्यांचं पाहून. आता मी पोलमध्ये अशी वाक्यं टाकते ज्यांत दोन्ही बरोबर असतात आणि विचारते, तुम्हाला कोणतं आवडलं? मग भांडण रंगतं.

९. एआयचं काय करायचं

हे आता टाळता येत नाही, व्हॉट्सॲपमध्येच मेटा एआय बसलेलं आहे. एका मुलाने पावसावर चार परिच्छेद पाठवले. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी, आणि मध्येच "पेट्रिकोर" हा शब्द. म्हटलं, "पेट्रिकोर म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "ते मोबाईललाच माहीत, काकू." पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो तो, हे सांगितल्यावर म्हणतो, "मग तसं लिवायला काय झालं त्याले!"

रागावू नका, पकडल्याचा आनंदही दाखवू नका. वही-आधीचा नियम पाळला तर ही भानगड आपोआप कमी होते, पण संपत नाही. वहीत उतरवणारेही असतात. माझी परवानगी एवढीच आहे : स्वतःचं पूर्ण लिहून झाल्यावर, आई शेजारी असताना, एआयला फक्त हे विचारायचं की माझ्या लेखनातलं कोणतं वाक्य तुला नीट कळलं नाही. "दुरुस्त कर" असं म्हणायचं नाही. उत्तर आलं की दुरुस्ती मुलाने करायची.

१०. इंस्टाग्राम आणि जगजाहीर करण्याचा मोह

काही लेखन इतकं गोड असतं की आपलाच हात शिवशिवतो. थांबा. इंस्टाग्रामवर अल्पवयीनांसाठी टीन अकाउंट्स आली आहेत, ती सुरुवातीपासूनच खाजगी असतात, हे सगळं बरोबर. पण आठवीपर्यंतच्या मुलाला इंग्रजी लेखनासाठी त्याची गरज मला तरी कधी पडली नाही. लाइक किती आले ह्याकडे लक्ष गेलं की वाक्याकडून उडतं.

टाकायचंच असेल तर तुमच्या खात्यावरून, पालकांना त्या लेखनापुरतं विचारून, फक्त टाइप केलेला मजकूर आणि "सातवीतली मुलगी" एवढंच. वहीचा फोटो टाकलात तर कोपऱ्यात मुलाचं नाव, शाळेचं नाव, तुकडी, हजेरी क्रमांक असतोच. एकदा मी स्टेटसला असं पान ठेवलं, दुसऱ्या ॲडमिनबाईंनी पाच मिनिटांत फोन करून काढायला लावलं. गणवेशातला फोटोही नको, बिल्ल्यावर शाळा वाचता येते.

कोणी अनोळखी माणूस मुलाला किंवा पालकाला खाजगीत मेसेज करू लागला तर उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट ठेवा, मग ब्लॉक करा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे दोन्ही क्रमांक ग्रुपच्या वर्णनात पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

११. "हे परीक्षेत येते का?"

हा प्रश्न येणारच. सांगा की येतं. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात पत्र, संवाद, बातमी, दिलेल्या सुरुवातीवरून गोष्ट पुढे नेणं असलंच सगळं असतं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तरी दहावीला येईपर्यंत मूल स्वतःच्या मनाने किती ओळी लिहितं ते घरी मोजून बघा म्हणावं. बहुतेक आया इथे गप्प होतात. वडील विचारतात, "मार्क किती वाढतील?" त्याचं उत्तर देऊ नका. आकडा सांगितलात की अडकलात.

१२. वर्ष संपलं की ग्रुप मोडा

वार्षिक परीक्षेच्या आधी महिनाभर ग्रुप बंद ठेवा. परीक्षा झाल्यावर एक शेवटची संध्याकाळ ठेवा, ऊन उतरल्यावर. मुलांना वहीचं पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी-शेजारी उघडायला लावा. तुम्ही काही बोलू नका, ती स्वतःच आपल्या जुन्या चुकांवर खोखो हसतात.

मग सगळ्यांना सांगून ग्रुप खरोखर मोडा. सदस्य एकेक करून काढा, तुमच्या फोनमधले वह्यांचे फोटो पुसा, संमतीच्या चिठ्ठ्या पालकांना परत द्या. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा नवा ग्रुप, नवी चिठ्ठी. जुनाच चालू ठेवला तर मे महिन्याच्या दुपारी, कुलूप लावायचं विसरलेलं असताना, गुलाबाचं फूल घेऊन कोणीतरी काका पुन्हा येतात.